एकच चाक का फिरतं? जुन्या गाडीच्या डिफरन्शियलचा इतिहास

दोन महिन्यांपूर्वी इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीहून एका मित्राचा मेसेज आला. एम.एस्सी.ला आम्ही एकाच बॅचला होतो, आता तो तिथे पोस्टडॉक करतो. त्याने १९९१ ची एक माझदा एमएक्स-५ घेतली आहे, जपानहून आयात झालेली, म्हणजे कागदोपत्री 'युनोस रोडस्टर'. प्रश्न साधा होता. पावसात चौकातून वळून बाहेर पडताना मागचं आतलं चाक जागच्या जागी गरगर फिरतं आणि गाडी पुढे सरकत नाही. "एलएसडी गेलाय बहुतेक. बजेट कमी आहे. तू घर्षणावरच पीएच.डी. करतेयस ना, मग सांग कुठला बसवू?"

नाव ऐकून दचकू नका. एलएसडी म्हणजे लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल. मी आयुष्यात एकही डिफरन्शियल उघडलेला नाही. माझं घर्षण प्रयोगशाळेतलं, तेलात बुडालेल्या दोन चकत्यांमधलं. पण प्रश्न आला की आधी वाङ्मय चाळायचं ही सवय लागलेली असते, तसं बसले आणि दोन आठवडे इतिहासातच अडकले. संशोधनाची तयारी करणाऱ्यांना त्यातलं बरंच उपयोगी पडेल असं वाटलं, म्हणून ही पोस्ट.

आधी अडचण नेमकी काय ते बघू. बैलगाडी वळते तेव्हा बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, आतलं कमी. पण दोन्ही चाकं आखावर सुटी फिरतात आणि ओढणारे बैल पुढे असतात, त्यामुळे काही बिघडत नाही. इंजिनाने मागची चाकं फिरवायची ठरवली की घोळ सुरू होतो. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट जोडली तर वळताना एकाला घासत जावंच लागतं. मित्राच्या गाडीच्या मागच्या दोन चाकांमधलं अंतर साधारण १.४ मीटर आहे. ५ मीटर त्रिज्येचं वळण धरलं तर बाहेरचं चाक ५.७ मीटरच्या वर्तुळावर चालतं आणि आतलं ४.३ मीटरच्या. म्हणजे बाहेरच्याला जवळजवळ एक तृतीयांश जास्त पळायचंय. हा फरक पडू देणारी, तरीही दोघांना ताकद पोचवणारी दंतचक्रांची जुळणी म्हणजे डिफरन्शियल.

तो कोणी शोधला? इथेच पहिला धडा मिळाला. कोव्हेंट्रीत उत्तर तयारच आहे: जेम्स स्टार्ली, १८७७, तीनचाकी सायकल. शहरात त्याचं स्मारकही आहे, मित्राने फोटो पाठवला. पण पॅरिसमध्ये ओनेसिफोर पेक्योर याने वाफेच्या गाडीसाठी हीच कल्पना १८२७-२८ च्या सुमाराला मांडली होती, म्हणजे स्टार्लीच्या पन्नास वर्षं आधी. आणि घड्याळवाल्यांना विचारलं तर ते जोसेफ विल्यमसनचं नाव घेतात. सूर्याची वेळ आणि घड्याळाची वेळ यांतला फरक दाखवण्यासाठी त्याने १७२० मध्ये घड्याळात डिफरन्शियल वापरला होता. तिघेही आपापल्या जागी खरे आहेत. विल्यमसन दोन वेगांची बेरीज-वजाबाकी करत होता, पेक्योर आणि स्टार्ली एक ताकद दोन ठिकाणी वाटत होते. यंत्र तेच, प्रश्न वेगळा. 'पहिला कोण' असं विचारण्याआधी 'कशासाठी पहिला' हे ठरवलं नाही तर वाद कधीच मिटत नाही.

यापुढची गोष्ट जास्त रंगतदार आहे. १९०१ मध्ये ग्रीसजवळच्या बुडालेल्या जहाजातून अँटिकिथेरा यंत्राचे गंजलेले तुकडे वर आले. डेरेक डी सोला प्राइस या इतिहासकाराने त्यांच्या क्ष-किरण चित्रांचा अभ्यास करून १९७४ मध्ये जाहीर केलं की यात डिफरन्शियल आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा! पुस्तकांतून, संग्रहालयांच्या फलकांवरून हे विधान सगळीकडे गेलं. पुढे मायकेल राइट यांनी नव्या क्ष-किरण चित्रांवरून ती चक्रं परत मोजली, आणि २००६ मध्ये सीटी स्कॅन वापरणाऱ्या गटाचे निष्कर्ष आले. प्राइसना जिथे डिफरन्शियल दिसला तिथे तो नव्हता. चक्रं होती, पण जोडणी निराळी होती.

चीनमधल्या 'दक्षिणदर्शक रथा'चंही असंच. रथ कसाही वळवला तरी वरच्या बाहुलीचा हात दक्षिणेकडेच राहतो असं हे यंत्र, तिसऱ्या शतकातल्या मा जुनच्या नावावर सांगतात. मूळ रथ एकही शिल्लक नाही. १९४७ मध्ये जॉर्ज लँचेस्टर यांनी सुचवलं की आत डिफरन्शियल असणार, आणि तसं मॉडेलही बनवलं. ते चालतं! पण हे लँचेस्टर होते कोण? आयुष्यभर मोटारी बनवलेला इंजिनिअर. मोटारवाल्याला रथात डिफरन्शियल दिसावा यात नवल नाही. सोंग घराण्याच्या इतिहासग्रंथात अशा रथांचं जे वर्णन आहे, त्यात वळताना काही चक्रं एकमेकांत अडकतात आणि सुटतात अशी वेगळीच रचना आहे. 'असं करता येतं' हे सिद्ध झालं म्हणून 'असंच केलं होतं' हे सिद्ध होत नाही. माझ्या स्वतःच्या पहिल्या वर्षाच्या रिपोर्टमध्ये मी नेमकी हीच चूक केली होती. मॉडेल डेटाला छान बसलं, म्हणून यंत्रणा तीच असं लिहून मोकळी झाले, आणि गाइडनी समासात फक्त एक प्रश्नचिन्ह काढलं.

असो. मोटारीकडे येऊ.

साध्या डिफरन्शियलचा दोष त्याच्या गुणातच दडलेला आहे. तो दोन्ही चाकांना नेहमी सारखाच पीळ, म्हणजे टॉर्क, देतो. सारखाच म्हणजे कमी पकड असलेल्या चाकाला झेपेल तेवढाच. एक चाक ओल्या गवतावर आहे आणि त्याला १०० न्यूटन-मीटरच झेपतात असं समजा, तर कोरड्या रस्त्यावरच्या दुसऱ्यालाही १०० च मिळणार. एकूण २००, इंजिनात कितीही दम असो. पावसाळ्यात शेताच्या बांधावर अडकलेली पद्मिनी किंवा अँबेसेडर ज्यांनी ढकललीय त्यांना हे समीकरण न लिहिता कळतं: एक चाक चिखल उडवतं, दुसरं ढिम्म.

हा दोष शर्यतीत सहन होईना तेव्हा त्यावर पैसा खर्च झाला. ऑटो युनियनची ग्रां-प्री मोटार फर्डिनांड पोर्शच्या कचेरीत आखली गेली. सोळा सिलिंडरचं इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे, आणि गाडीचं वजन नियमानुसार ७५० किलोच्या आत. ताशी १६० किलोमीटरच्या वेगातसुद्धा एक मागचं चाक सुटून फिरायचं. १९३५ मध्ये पोर्शने झेडएफ या गिअर बनवणाऱ्या कंपनीकडून यावर उपाय करून घेतला. त्यात दोन चाकांच्या वेगात फरक पडू लागला की आतले सरकते खुंटे उंचसखल कडांवर घासायचे आणि फरकाला विरोध करायचे. म्हणजे थोडं घर्षण मुद्दाम घातलं. अख्ख्या मोटारीत इंजिनिअर लोक घर्षणाच्या मागे हात धुऊन लागलेले असतात आणि इथे एका डब्यात ते पैसे देऊन विकत घेतात, हे मला फार आवडलं.

सामान्य माणसाच्या गाडीत हा प्रकार अमेरिकेत आला. १९५६ मध्ये पॅकार्डने तो दिला, पाठोपाठ शेवरलेने 'पॉझिट्रॅक्शन' या नावाने, मग फोर्ड, क्रायस्लर, सगळ्यांनीच आपापल्या नावाने. आतली रचना साधारण एकच: तेलात बुडालेल्या चकत्यांचा गठ्ठा, स्प्रिंगने दाबलेला. इथे मी घरी आल्यासारखी झाले, कारण ही माझीच प्रयोगशाळा आहे. या चकत्या हळू घसरताना कधी चिकटतात, कधी सुटतात, परत चिकटतात. पार्किंगमध्ये गाडी वळवताना मागून घरघर येते ती याची. कारण सुटताना लागणारं घर्षण घसरतानाच्या घर्षणापेक्षा जास्त असतं. म्हणून या डिफरन्शियलच्या तेलात 'फ्रिक्शन मॉडिफायर' घालतात. तो एकूण घर्षण नुसतं कमी करतो असं नाही, वेग वाढेल तसं घर्षण खाली पडू नये एवढं बघतो. आलेखाचा उतार बदलतो म्हणा ना. माझ्या थिसिसचं तिसरं प्रकरण याच उतारावर आहे, त्यामुळे इथेच थांबते.

'माय कझिन विनी' हा १९९२ चा सिनेमा पाहिला नसेल तर पाहा. खुनाचा खटला पॉझिट्रॅक्शनवर फिरतो. पळालेल्या गाडीचे रबराचे दोन्ही पट्टे सारखे उमटलेत, म्हणजे दोन्ही चाकं फिरली, म्हणजे आरोपीची ब्युइक ती असूच शकत नाही. कोर्टात हे सांगते ती गॅरेजवाल्यांच्या घरातली मुलगी. एवढ्याशा पुराव्यावरून कुठवर जाता येतं आणि कुठे थांबावं लागतं, याचा यापेक्षा चांगला नमुना मी मेथडॉलॉजीच्या पुस्तकात पाहिलेला नाही.

त्याच दशकात अमेरिकेतच व्हर्नन ग्लीसमनने चकत्यांशिवायचा डिफरन्शियल काढला. त्याचं पेटंट १९५८ चं. यात वर्म प्रकारची दंतचक्रं असतात. पीळ वाढला की ती एकमेकांवर आणि डब्याच्या भिंतीवर दाबली जातात, आणि त्या दाबातूनच घर्षण तयार होतं. झिजायला वेगळ्या चकत्याच नाहीत. पण बाजारात तो खऱ्या अर्थाने आला १९८३ मध्ये, ग्लीसन या दंतचक्रं कापण्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीने १९८२ मध्ये हक्क घेतल्यावर. टॉर्क आणि सेन्सिंग या दोन शब्दांतून 'टॉर्सन' हे नाव केलं. कल्पना आणि वस्तू यांच्यात पंचवीस वर्षं गेली. अमेरिकी लष्कराच्या हमव्हीत आणि ऑडीच्या क्वाट्रोत तो गेला, आणि १९९४ च्या सुमाराला एका छोट्या, परवडणाऱ्या दोन सीटच्या गाडीतही गेला. तीच एमएक्स-५.

तिसरा प्रकार व्हिस्कस. डब्यात सिलिकॉनचं दाट द्रव, त्यात भोकं पाडलेल्या चकत्या, एकमेकींना न टेकणाऱ्या. वेगात फरक पडला की द्रव कातरलं जातं आणि विरोध करतं. बनवायला सोपं, चालवायला शांत. पण ते आधी घसरू देतं आणि मग जागं होतं. शिवाय उष्णतेने आणि वयाने द्रव खराब होतं, आणि डबा सीलबंद. १.६ लिटरच्या सुरुवातीच्या एमएक्स-५ मध्ये जो एलएसडी मिळायचा तो हाच. मित्राच्या गाडीतला तीसपेक्षा जास्त वर्षांचा. तो 'गेला' म्हणजे काही तुटलं नाही, तो हळूहळू साधा डिफरन्शियल होऊन बसला.

आता 'परवडणारा' या शब्दाबद्दल. हा शब्दच ऐतिहासिक आहे, हे मला नंतर लक्षात आलं. साधारण १९५० च्या दशकाच्या मध्यापासून चाळीसेक वर्षं कंपन्या यांत्रिक एलएसडी साध्या गाड्यांतही देत होत्या. मग एबीएस आलं, आणि त्याच सेन्सरवर फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावणारी यंत्रणा. १९९५ नंतर ईएसपी आलं, पुढे अमेरिकेत आणि युरोपात ते सक्तीचं झालं. आधीच बसवलेल्या ब्रेकमधून काम भागतंय म्हटल्यावर लोखंडाचा महागडा डबा कोण देणार? म्हणजे मित्राला स्वस्तात काय मिळेल हे ठरतं त्या चाळीस वर्षांत कुठली गाडी किती विकली गेली आणि त्यातल्या किती मोडीत निघाल्या यावर. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जसे जुने पार्ट सुटे करून मांडलेले असतात तसे तिथे 'ब्रेकर' लोक असतात. त्यांचं गोदाम म्हणजे या विषयाचं अभिलेखागारच. १९८० च्या दशकातल्या बीएमडब्ल्यू ई-३० वाल्यांचंही हेच चालतं. ते ३२५ मॉडेलचा डिफरन्शियल शोधतात आणि पट्टीवर रेशोच्या आधी 'एस' छापलंय का ते बघतात. 'एस' असेल तर आत चकत्या आहेत.

आकड्यांची तुलना करताना मी स्वतः फसले, ते सांगते. बीएमडब्ल्यूवाले म्हणतात '२५ टक्के लॉक'. टॉर्सनवाले म्हणतात 'बायस रेशो अमुक'. मित्राने दोन्ही आकडे एका तक्त्यात शेजारी मांडले होते आणि मीही मान डोलावली. पण टक्का म्हणजे दोन चाकांच्या पिळातला फरक भागिले एकूण पीळ, आणि रेशो म्हणजे जास्त पीळ भागिले कमी पीळ. २५ टक्के म्हणजे एकाला ६२.५ आणि दुसऱ्याला ३७.५, म्हणजे रेशो १.६७. उलट रेशो २.५ असेल तर तो जवळजवळ ४३ टक्के. एका भाषेत आणल्याशिवाय दोघांची तुलनाच होत नाही. दोन पेपरांमधले निकाल एका तक्त्यात भरण्याआधी व्याख्या तपासा असं आम्हाला पहिल्या सेमिस्टरपासून सांगतात. तरी हे होतंच.

आणि रेशो म्हणजे गुणाकार, हे विसरायचं नाही. मघाच्या गवतावर २.५ रेशोचा टॉर्सन दुसऱ्या चाकाला २५० देईल, एकूण ३५०. झकास. पण चाक हवेत उचललं गेलं तर शून्याला कितीनेही गुणा, शून्यच. हमव्हीच्या चालकांना म्हणूनच अशा वेळी ॲक्सिलरेटरबरोबर थोडा ब्रेकही दाबायला शिकवतात. ब्रेकमुळे लटकलेल्या चाकाला विरोध मिळतो आणि गुणायला काहीतरी हाती येतं. चकत्यांच्या डिफरन्शियलमध्ये स्प्रिंगचा दाब आधीपासूनच असतो, त्यामुळे त्याला ही अडचण कमी. खडकाळ रस्त्यासाठी वेगळंच लागतं. आपल्याकडे महिंद्राच्या थारमध्ये ईटनचा मेकॅनिकल लॉक येतो. तो दोन्ही चाकं सरळ एकमेकांना बांधून टाकतो.

मग पर्याय काय उरले? सगळ्यात स्वस्त म्हणजे आतली चक्रं वेल्डिंग करून टाकणं. मित्र खरं तर त्याच बेतात होता. मी वर दिलेला ५.७ आणि ४.३ चा हिशेब पाठवला. रोज कामाला जायच्या गाडीत प्रत्येक वळणावर एक टायर तेवढा फरफटणार आणि ओल्या रस्त्यावर गाडीची मागची बाजू कधी सुटेल याचा नेम नाही. तो नाद त्याने सोडला. दुसरा जुना व्हिस्कस घ्यावा, तर तोही तेवढाच म्हातारा. नवीन चकत्यांचा, शर्यतवाल्या कंपन्यांचा, उत्तम असतो, पण महाग. शिवाय चकत्या झिजणार, तेल सारखं बदलणार, घरघर होणार. क्वाइफसारखा नवीन गिअरवाला घेतला तर आयुष्यभराची चिंता मिटते, पण तो जुन्या डब्यात बसवायचा म्हणजे क्राउन आणि पिनियनमधली फट शिम लावून जुळवण्याची मजुरी आली. इंग्लंडात मजुरी पार्टच्या किमतीला गाठते.

म्हणून उरला १.८ लिटरच्या एमएक्स-५ मधला जुना टॉर्सन, अख्ख्या डब्यासकट. क्राउन-पिनियन कारखान्यातून जुळवलेलंच येतं, ते उघडायचं नाही. १.६ मधलं क्राउन ६ इंची, १.८ मधलं ७ इंची, म्हणजे मजबूतही जास्त. मेख एवढीच की नुसता डबा घेऊन भागत नाही. चाकांकडे जाणाऱ्या दोन्ही शाफ्ट आणि इंजिनाकडून येणारा प्रोपेलर शाफ्टही त्याच गाडीचे लागतात, कारण जोडणीचे फ्लँज वेगळे आहेत. ब्रेकरकडे नुसता डिफरन्शियल स्वस्त दिसतो आणि उरलेले तुकडे एकेक करून घेताना खिसा रिकामा होतो. सगळा संच एकाच गाडीचा मागायचा, हे मी त्याला तीनदा लिहिलं. आधी झाकणाचा बोल्ट काढून तेलात धातूची चमक आहे का बघायचं, दातांवर खड्डे पडलेत का तेही.

रेशोही बदलतो. १.६ चा ४.३० होता, १.८ चा ४.१०. चढावर दम किंचित कमी, हायवेवर आवाज किंचित कमी. या गाडीचा स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालतो, त्याला मागे काय बदललं ते कळत नाही. ४.३० भागिले ४.१० म्हणजे १.०४९, त्यामुळे पूर्वी काटा ८० वर असताना गाडी जितकी पळायची त्यापेक्षा आता जवळजवळ ५ टक्के जास्त पळणार. कॅमेऱ्यांच्या देशात हे माहीत असलेलं बरं.

गेल्या शनिवारी त्याने बसवून घेतला. रात्री व्हिडिओ आला, सोबत हताश चेहऱ्याच्या तीन इमोजी. मागची दोन्ही चाकं जॅकवर, गिअर न्यूट्रल, हाताने एक चाक पुढे फिरवलं तर दुसरं उलटं फिरतंय. "फसवलं रे त्याने. हा तर साधा निघाला." सगळीकडे हीच चाचणी सांगितलेली असते: दोन्ही चाकं एकाच दिशेने फिरली तर एलएसडी, उलटी फिरली तर साधा.

पण ही चाचणी मुळात चकत्यांच्या डिफरन्शियलसाठी आहे. ती मोजते स्प्रिंगचा आधीचा दाब. टॉर्सनमध्ये पीळच नसेल तर दाबही नाही, आणि दाब नाही तर घर्षण नाही. हाताच्या जोरावर तो बऱ्याचदा साध्यासारखाच वागतो. चाचणी चुकीची नव्हती, ती दुसऱ्याच गोष्टीची होती. मी त्याला लिहिलं, गाडी खाली घे, पावसाची वाट बघ, आणि त्याच चौकात जा.

कोव्हेंट्रीत पावसाची वाट फार बघावी लागत नाही. मंगळवारी सकाळी मेसेज आला: "मागचं बूड थोडं हललं, मग दोन्ही चाकांनी उचललं. स्पीडोमीटरवर कागदी पट्टी चिकटवलीय."